चार बोटांचा उतार

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी तात्या आपल्या मंगल कार्यालयाच्या फाटकावरची पाटी उलटी करतात. तिच्या एका बाजूवर ‘शुभकार्यासाठी हॉल मिळेल’ असं रंगवलेलं आहे. दुसरी बाजू कोरी आहे. तुळशीच्या लग्नापर्यंत ती कोरी बाजू रस्त्याकडे तोंड करून भिजत राहते. परवा पुण्याहून एसटीनं वेल्ह्यात उतरले तेव्हा आधी ती पाटी दिसली, मग तोरण्याच्या पोटावर टेकलेला ढग, मग बाजार. आपण ज्याची वाट पाहत असतो ते आधी दिसतं. मी त्या कोऱ्या पाटीची वर्षभर वाट पाहत होते.

आमच्याकडे इनडोअर हॉकीचा हंगाम त्या पाटीनं सुरू होतो.

बाहेरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल, पण कारण साधं आहे. पावसाळ्यात वेल्ह्याला मैदान उरत नाही. जे सपाट असतं त्यात भात उभा असतो आणि जे उरतं ते डोंगराचं असतं. त्याच चार महिन्यांत लग्नाला मुहूर्त नसतात, त्यामुळे गावातलं सर्वांत मोठं छप्पर रिकामं पडतं. खेळायला जागा नसलेल्या मुली आणि लग्नं नसलेला हॉल, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी उपलब्ध होतात हे ज्यांच्या लक्षात आलं, त्या आमच्या मॅडम. शाळेत खेळ शिकवायच्या. राहायला भोरला, त्यामुळे रोज नसरापूरला गाडी बदलून यायच्या आणि ओली छत्री शाळेच्या दाराशी उलटी टांगून सरळ मैदानाकडे बघायच्या, जणू रात्रीतून ते सुकलं असेल.

त्या हॉल मागायला गेल्या तेव्हा मी आणि सुवर्णा दाराशी उभ्या होतो. आम्ही आठवीत होतो.

“मॅडम, देव झोपल्यात,” तात्या म्हणाले. “अशा टायमाला हॉलमधी दंगा बरा न्हाई.”

“तुमचे देव झोपतात तात्या, आमचा याच दिवसांत वर्षावास असतो. भिक्खूंनी पावसात हिंडायचं नाही, एका छपराखाली राहून अभ्यास करायचा. मी या पोरींकडून तेच करून घेणार आहे.”

तात्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “आन् फरशी फुटली तर?”

“लाकडी काठीनं शहाबादी फरशी फुटत नाही.”

“आन् पोरी?”

“त्या तर मुळीच नाहीत.”

तात्यांनी किल्ली दिली. अट एकच होती, तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी हॉल धुऊन परत.

या खेळाला दोन्ही बाजूंना लाकडी कठडे लागतात, घोट्याएवढे उंच. चेंडू त्यांवर आपटून परत खेळात येतो. कठडे कुठून आणायचे? कार्यालयाच्या कोठीत पंगतीचे जुने पाट रचून ठेवले होते. टेबलखुर्च्या आल्यापासून त्यांवर कुणी बसलं नव्हतं. आम्ही ते आडव्या कडेवर उभे केले आणि मागून विटा लावल्या. अजूनही त्या दिवसांची आठवण मला नाकानं येते: ओलं लाकूड, कोठीतली हळद, फरशीवर वाळणारे आमचे मोजे, आणि भिंतींना चिकटलेला मागच्या लग्नसराईतल्या मसालेभाताचा वास. बाहेर पत्र्यावर पाऊस इतका मोठ्यानं कोसळायचा, की मॅडमची शिट्टी ऐकू यायची नाही. त्या हात वर करायच्या आणि आम्ही थांबायचो. त्यामुळे आम्ही कानांनी नव्हे, डोळ्यांनी खेळायला शिकलो.

इनडोअर हॉकीचा एक नियम मला तेव्हापासून विलक्षण वाटत आला आहे. या खेळात चेंडू मारायचा नसतो. काठी मागे नेऊन ठोका देण्याची परवानगीच नाही. चेंडूला काठी टेकवायची आणि ढकलायचं. गोलावर नेम धरला नसेल तर तो जमिनीवरून उचलायचाही नाही. म्हणजे सगळा खेळ फरशीच्या पृष्ठभागावर चालतो, दोन मितींत. जोर कमी आणि दिशा सर्वस्व. पुढे भौतिकशास्त्र शिकताना घर्षणविरहित आदर्श पृष्ठभागाची कल्पना पहिल्यांदा फळ्यावर मांडली गेली, तेव्हा वर्गात बहुधा मी एकटीच होते जिच्या डोळ्यांसमोर मंगल कार्यालय आलं.

हॉल पूर्ण मैदानाएवढा नव्हता. एकच गोल मावायचा, तो व्यासपीठापुढे. सुवर्णा बचावाला, तिची पाठ कायम त्या व्यासपीठाकडे, जिथं नवरानवरीच्या खुर्च्या कापडाखाली झाकून ठेवलेल्या असत. मी पुढे, मुख्य दाराजवळ. चेंडू हिसकावून घेणं हे तिचं काम, तो माझ्या काठीपर्यंत पोचवणं हेही तिचंच, आणि माझं काम काठी टेकवून उभं राहणं. तिचा पास मी कधी शोधला नाही. काठी जिथं असायची तिथं तो यायचा, घरचं माणूस दार न वाजवता आत यावं तसा.

मॅडमचा पहिला नियम होता: चेंडू मोकळा सोडायचा नाही. खेळ थांबला की तो पायाखाली दाबून ठेवायचा. आम्हाला ती शिस्त वाटायची. आता वाटतं, मॅडमनाही ती शिस्तच वाटत असावी.

शाळा सुटल्यावरही दर पावसाळ्यात, अशी सात वर्षं आम्ही खेळलो. पुढे आमचे रस्ते वेगळे झाले. मी पुण्यात शिकायला गेले आणि तिथंच एका प्रयोगशाळेत सूक्ष्म हालचाली मोजणाऱ्या उपकरणांवर काम करू लागले. सुवर्णा मूळची गुंजवण्याची. तिच्या घरची खालची भातखाचरं धरणाच्या पाण्यात गेली, वरची दोन राहिली. ती खेळत राहिली. जिल्हा, राज्य, शिबिरं. आणि गेल्या वर्षी श्रावणात ती महिलांच्या आंतरराष्ट्रीय इनडोअर हॉकी स्पर्धेसाठी देशाच्या संघातून परदेशी गेली. मी आठ दिवसांची रजा घेऊन वेल्ह्याला आले. तात्यांनी लग्नाची चित्रफीत दाखवायचा मोठा पडदा व्यासपीठावर लावला आणि पहिल्या सामन्याला अर्धा गाव कार्यालयात येऊन बसला. ज्या व्यासपीठाकडे सुवर्णा सात वर्षं पाठ करून उभी राहिली, त्याच व्यासपीठावर ती आता आमच्याकडे तोंड करून उभी होती, माणसाच्या दुप्पट उंच.

त्या पडद्यावर मला सर्वांत आधी जमीन दिसली. मधाच्या रंगाचं लाकूड, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न हलणारा प्रकाश, आणि त्यात खेळाडूंची स्वच्छ उलटी प्रतिबिंबं. इतकी सपाट जागा मी पाहिली नव्हती. आमच्याकडे सपाटी ही निसर्गात सापडणारी वस्तू नाही. ती पाण्यानं तपासून घ्यावी लागते. खाचरात पाणी सोडलं की कुठला कोपरा उंच आहे ते कळतं, मग तिथली माती ओढायची. इथं मात्र कुणी तरी सबंध जागाच पाण्याविना पाण्यासारखी करून ठेवली होती. आणि तिच्यावरून चेंडू जायचा तो वेग. दोन काठ्यांमधलं अंतर तो तोडत नव्हता, पुसत होता. गावच्या म्हाताऱ्या बायका हनुवटीला हात लावून बसल्या होत्या. माझ्या शेजारी बसलेल्या कार्यालयाच्या शेवंतामावशी, ज्यांनी इतकी वर्षं हा हॉल झाडला आणि धुतला, एवढंच म्हणाल्या, “पोरी बर्फावर खेळत्यात जणू.”

पहिली तीन सत्रं सुवर्णा सुंदर खेळली. शेवटच्या सत्रात तिचा एक पास सोबतिणीच्या काठीच्या उजवीकडून निघून गेला. मग दुसरा. मग तिसरा, ज्यातून समोरच्यांनी गोल केला. सामना गेला. दुसऱ्या दिवशी तेच झालं: सुरुवात निर्दोष, अखेर चुका. तिसऱ्या सामन्यावर पुढची फेरी अवलंबून होती.

संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. मॅडम आणि मी कार्यालयाच्या पायरीवर बसलो होतो.

“उद्या मला भायेर बसवणार हाय,” सुवर्णा म्हणाली. “कोच सर म्हणले, शेवटाला तू घाबरतीस. मोठ्या जागेची सवय न्हाई म्हणले.”

“घाबरतेस का?” मी विचारलं.

“तूबी?” तिनं फोनमधून माझ्याकडे नीट पाहिलं. “पुण्याची झालीस. मी न्हाई गं घाबरले. म्या नीट दिला. बॉल नीट गेला न्हाई.”

फोन बंद झाला. मी मॅडमना म्हटलं की ती स्वतःची समजूत घालते आहे. हे वाक्य मी उच्चारलं, हे इथं नोंदवलं पाहिजे. माझं शिक्षण मोजमापाचं आहे, आणि ज्या व्यक्तीचा पास सात वर्षांत एकदाही चुकला नाही तिचं विधान मी मोजण्याआधीच फेटाळलं होतं. मॅडमचा हात पायरीवर छत्रीची मूठ फिरवत राहिला.

सकाळी कार्यालयात गेले. सामना दुपारी होता. शेवंतामावशी आदल्या दिवशीच्या गर्दीचा चिखल धूत होत्या. त्यांनी एका भिंतीशी बादली रिकामी केली आणि खराटा भिंतीला टेकवून कंबर सरळ करत उभ्या राहिल्या. पाण्याचा पातळ पापुद्रा फरशीवरून निघाला, कुणी न ढकलता, आणि हॉलची सगळी रुंदी ओलांडून समोरच्या भिंतीतल्या मोरीच्या जाळीत गेला.

मी विचारलं, “मावशी, ढकलावं लागत नाही?”

“कशाला? आपसूक जातंय.” त्या खराटा उचलत म्हणाल्या, “तुमच्या बॉलवानी.”

“कुठल्या?”

“कुठल्या म्हंजी? रोज सांच्याला मोरीवरनंच काढायचे की म्या. एक बॉल कधी दुसरीकडं घावला न्हाई.”

मी व्यासपीठापुढे गेले आणि पाठ करून उभी राहिले, सुवर्णा उभी राहायची तशी. मोरी डाव्या हाताला होती.

शेजारी एका घराचं बांधकाम चालू होतं. तिथून गवंड्याची लेव्हल पाईप मागून आणली, पाणी भरलेली पारदर्शक लांब नळी. मॅडमनी एक टोक मोरीच्या भिंतीशी धरलं, मी दुसरं समोरच्या भिंतीशी. नळीतलं पाणी हेलकावलं, थबकलं, स्थिर झालं. मला त्या क्षणी तेच वाटलं जे प्रयोगशाळेत काटा स्थिर होताना वाटतं, फक्त अधिक खोलवर: की जग आपल्याला उत्तर द्यायला नेहमीच तयार होतं.

तात्या चहा घेऊन आले. नळी पाहून त्यांची छाती फुगली. “काय मोजताय? चार बोटं हाय. गवंड्याला म्याच सांगितलं व्हतं, हिकडनं तिकडं चार बोटं उतार. पंगत उठली, पाणी मारलं, की गेलं पायजेल. उभ्या तालुक्यात असा उतार न्हाई कुनाच्या हॉलला.”

“आम्हाला कधी सांगितलं नाहीत,” मॅडम म्हणाल्या.

“तुमी कधी इचारलं?”

मी वहीच्या मागच्या पानावर गणित केलं. जोरात ढकललेला चेंडू फरशीवर इतका थोडा वेळ असतो की उताराचा परिणाम नगण्य. पण हळू दिलेला, जपून दिलेला पास जितका जास्त वेळ घेतो तितका अधिक डावीकडे ओढला जातो; हॉलच्या लांबीत साधारण एक वीत. म्हणजे सुवर्णा सात वर्षं प्रत्येक हळू पास एक वीत उजवीकडे देत होती, आणि हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत नव्हतं, मी तर तो घेत होते. शिबिरात हे कुणाच्या लक्षात आलं नाही कारण तिथं सगळ्या ताज्या असत, सगळं जोरात चाले. शेवटच्या सत्रात पाय जड होतात, पास मऊ होतो, आणि शरीर विचार न करता घरी जातं. त्या सपाट लाकडावर सुवर्णाचं थकलेलं शरीर वेल्ह्याच्या कार्यालयात उभं राहून, अस्तित्वात नसलेल्या मोरीचा हिशेब करून, अचूक पास देत होतं.

तिनं खरोखर नीट दिला होता. मी पायरीवर बसले. ज्या सूक्ष्मतेसाठी आम्ही प्रयोगशाळेत बंद खोल्या आणि कंप शोषणारी टेबलं वापरतो, ती सूक्ष्मता एका मुलीच्या मनगटात पावसाच्या आवाजात आपोआप तयार झाली होती.

“एक वीत डावीकडे दे, एवढंच सांगते तिला,” मी फोन हातात घेतला.

मॅडमनी तो काढून घेतला. “आकडा सांगू नकोस. आकडा दिलास तर आज ती दर पासाला वीत मोजत बसेल. तिला जमीन दाखवायला हवी.”

“इथून कशी दाखवणार?”

त्यांनी उत्तर न देता फोन लावला. आधी उतार समजावून सांगितला. मग सुवर्णा म्हणाली, “म्हंजी म्या नीट दिला व्हता.”

“नीट दिला होतास. आता एक कर. सरांना हे सांग. आणि खेळ सुरू व्हायच्या आधी बॉल जमिनीवर ठेव आणि पाय काढून घे. हात काढून घे. बघत उभी राहा.”

“मोकळा सोडू?”

“मोकळा सोड,” मॅडम म्हणाल्या. सात वर्षांत त्यांनी हे दोन शब्द पहिल्यांदाच उच्चारले.

सरांनी तिला पहिलं सत्र दिलं. एक पास चुकला की बाहेर, या बोलीवर. दुपारी पडदा उजळला. संघ मैदानात सराव करत होते आणि त्या धावपळीत एका कोपऱ्यात सुवर्णा एका गुडघ्यावर बसली. तिनं चेंडू लाकडावर ठेवला. त्याच्यावर तळवा धरून ठेवला, पाखरू सोडताना धरतात तसा. मग तळवा उचलला.

चेंडू तिथंच राहिला.

कार्यालयात आमच्यापैकी ज्या ज्या त्या फरशीवर खेळल्या होत्या, त्या सगळ्या नकळत मोरीच्या बाजूला झुकल्या होत्या, तो घरंगळण्याची वाट पाहत. तो हलला नाही. सुवर्णा त्याच्याकडे पाहत राहिली, नवीन घरात पहिल्यांदा भिंतीवरून हात फिरवावा तशा नजरेनं. मागून कुणी तरी हाक मारली असावी. तिनं बोट उचलून थांबायला सांगितलं आणि आणखी थोडं पाहिलं. अचल वस्तू अचल राहते, हा गतीचा पहिला नियम मी शेकडो वेळा लिहिला आहे. तो घडताना मी त्या दुपारी पाहिला.

पहिलं सत्र चुकेविना गेलं. दुसरं, तिसरं. सरांनी तिला बाहेर बोलावलं नाही. शेवटच्या सत्रात बरोबरी होती आणि पुढच्या फेरीसाठी बरोबरी पुरेशी होती. फक्त चेंडू गमावायचा नव्हता. सुवर्णाचे गुडघे वाकलेले दिसत होते, छाती भात्यासारखी चालली होती. दोघी तिच्यावर धावून आल्या. तिनं चेंडू मधल्या फटीतून ढकलला, हळू, अगदी घरच्यासारखा हळू. मी इथं पडद्यासमोर काठी नसलेला हात खाली टेकवला. पास लाकडावरून गेला, त्याचं प्रतिबिंब त्याच्याखालून गेलं, आणि दोन्ही एकदमच सोबतिणीच्या काठीला लागली. शेवंतामावशी माझ्या कानाशी म्हणाल्या, “मोरी बुजली बग तिची.”

त्या पुढच्या फेरीत संघ हरला. पण सुवर्णा तो सामनाही पूर्ण खेळली, आणि चेंडू ठेवून पाहण्याचा तिचा रिवाज पाहून सोबतच्या मुलीही तसं करू लागल्या होत्या, असं ती नंतर सांगायची.

ती गावी परत आली तेव्हा मीही पुण्याहून आले होते; भात निसवून लोंब्या आल्या होत्या आणि हॉल परत द्यायला थोडे दिवस उरले होते. तात्यांनी विचारलं, “फरशी काडून लेवल करू का? सांग, तुळशीच्या लग्नाआधी करतो.” सुवर्णा पाट लावू लागली. मग व्यासपीठाला पाठ करून उभी राहिली. मी दाराशी गेले, किती वर्षांनी काठी टेकवली.

तिचा पहिला पास माझ्या काठीच्या वीतभर बाजूनं निघून गेला, आणि चेंडू घरंगळत मोरीच्या जाळीवर जाऊन थांबला. शेवंतामावशींनी वर न पाहता तो उचलून परत टाकला. “आली गं परदेशची पावनी.”

सगळे हसले. सुवर्णा हसली नाही. तिच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदाच भीती दिसली: एक जमीन शिकताना दुसरी हातची गेली असेल तर. तिनं चेंडू घेतला, फरशीवर ठेवला, तळवा काढला. तो क्षणभर थांबून डावीकडे निघाला. तिनं त्याला जाऊ दिलं, मोरीपर्यंत, पूर्ण. मग उचलून आणला.

“तात्या, राहू द्या,” ती म्हणाली, आणि वाकली.

मी तेव्हा एक गोष्ट केली जी सात वर्षांत केली नव्हती. काठी टेकवून मी फरशीवर बसले, गाल जवळजवळ जमिनीला लावला, आणि चेंडू येताना पाहिला. तो तिच्या उजवीकडे निघाला, मला सोडून, कुणा दुसरीकडेच जात असल्यासारखा; मग कलला, आणि लांब, शांत वळण घेत फरशीवरून माझ्याकडे आला. मी काठी हलवली नाही.